वजन परतते, रुग्ण का परतत नाही?

प्रति,
ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील स्थूलता-शल्यचिकित्सक
आणि त्यांचे सहकारी आहारतज्ज्ञ व समुपदेशक यांस

विषय : शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढण्याची भीती आणि तिची जबाबदारी



जठराचा आकार लहान करून किंवा अन्नाचा मार्ग बदलून वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियेला वैद्यकात बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. एकेकाळी तिच्यासाठी ठाणेकराला दक्षिण मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. आज ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या रुग्णाला ती रिक्षाच्या अंतरावर मिळू शकते, आणि हे आपल्या व्यवसायाने मिळवलेले मोठे यश आहे. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अनेकजण दोन-तीन वर्षांनंतर या रिक्षाच्या अंतरावरच्या दवाखान्यात पाऊल टाकत नाहीत, आणि ज्यांचे वजन पुन्हा वाढू लागलेले असते ते तर नेमके त्याच कारणाने टाकत नाहीत. ज्या दिवशी उपचाराची गरज नव्याने सुरू होते त्याच दिवसापासून रुग्ण उपचार करणाऱ्यांपासून तोंड लपवू लागतो, ही गोष्ट आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र आहे. आणि या तोंड लपवण्याचे मूळ यशाच्या त्या व्याख्येत आहे, जी रुग्णाला पहिल्याच भेटीत ऐकवली जाते, असे या पत्राचे म्हणणे आहे.

आरंभीच हे स्पष्ट असावे की पत्राचा रोख शस्त्रक्रियेवर नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या साधारण तितक्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. त्याच निष्कर्षांत आणखी एक नोंद आहे. गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाशी एक छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, ज्यांच्यावर झाली त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, आणि दहा वर्षांनंतर ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. मधले सात टक्के म्हणजे १२० किलोच्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ साडेआठ किलो, आणि एवढे वजन परत येऊनही ही शस्त्रक्रिया यशस्वीच मानली गेली, ती योग्यच मानली गेली. आपल्याला हे दोन्ही आकडे पाठ असतात. रुग्णाच्या कानावर मात्र बहुधा पहिलाच पडतो, आणि दुसरा त्याला चौथ्या वर्षी स्नानगृहातल्या वजनकाट्यावर एकट्याने भेटतो.

पहिली तक्रार त्या जोडछायाचित्राविषयी आहे, ज्यात डावीकडे शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि उजवीकडे नंतरचा माणूस उभा असतो. आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची नळी केली जाते, आणि त्यानंतरचे बारा ते अठरा महिने वजन सर्वात वेगाने उतरण्याचे असतात. त्यानंतर केव्हातरी ते आपल्या नीचांकाला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या सर्वात खालच्या बिंदूला, पोहोचते आणि तिथून थोडेसे वर सरकून स्थिरावते. उजवीकडचे छायाचित्र या नीचांकाच्या आसपासचे असते. छायाचित्र खोटे नसते, पण ते ज्या तारखेला काढलेले असते ती तारीख निवडलेली असते, आणि त्या एका तारखेचा देह हाच यापुढचा कायमचा देह आहे असा समज करून घेऊन रुग्ण घरी जातो. पुढे काट्यावर चढलेला प्रत्येक किलो त्याला त्या छायाचित्राशी केलेली प्रतारणा वाटू लागतो.

किलोंच्या या सार्वजनिक मोजदादीची सर्वात मोठी घटना याच महानगराने पाहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद यांना सुमारे पाचशे किलो वजनासह मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले, मार्चमध्ये त्यांच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतरचे कित्येक आठवडे त्यांचे किती किलो उतरले हा बातमीचा मथळा राहिला. रुग्णालयाने सांगितलेले आकडे त्यांच्या बहिणीला मान्य नव्हते आणि वाद जाहीर झाला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवण्यात आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. या वादात कोण बरोबर होते हा या पत्राचा विषय नाही. एका आजारी स्त्रीची ओळख किलोंच्या आकड्यापुरती उरली, आणि तो आकडा तिच्या देहापेक्षा अधिक लोकांच्या लक्षात राहिला, एवढीच नोंद येथे करायची आहे. कारण नौपाड्यातल्या रुग्णाच्या बाबतीत हेच लहान प्रमाणावर घडते आणि त्याच्या वाट्याला मथळ्यांऐवजी सोसायटीच्या जिन्यातले प्रश्न येतात.

दुसरी तक्रार मोजण्याच्या भाषेची आहे. वजन 'पुन्हा वाढले' असे नेमके केव्हा म्हणायचे यावर आपल्या शास्त्रात एकमत नाही. अमेरिकेतील बायपास झालेल्या १,४०६ रुग्णांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हे फार स्पष्टपणे दाखवतो, कारण नीचांकानंतर पाच वर्षांनी वजन परत आलेल्यांचे प्रमाण एका व्याख्येने सुमारे ४४ टक्के, दुसरीने ५० आणि तिसरीने ६७ टक्के भरले. माणसे तीच होती, बदलली ती फूटपट्टी. हीच गोष्ट एका उदाहरणाने अधिक नीट समजते. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ११० किलो वजनाच्या स्त्रीचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सुमारे ४३ भरतो. शस्त्रक्रियेनंतर ती ७६ किलोंवर येते आणि तीन वर्षांनी ८२ वर जाते. घटलेल्या वजनापैकी १८ टक्के परत आले असे म्हटले तर ही अधोगती वाटते. मूळ वजनापैकी २५ टक्क्यांहून अधिक वजन अजूनही उतरलेले आहे असे म्हटले तर हेच स्वीडनच्या अभ्यासातील दहा वर्षांचे यश ठरते. शिवाय भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा २५ च्या निर्देशांकावर धरली जाते, आणि या स्त्रीचा निर्देशांक नीचांकालाही ३० च्या जवळच होता, म्हणजे तक्त्याच्या लेखी ती आपल्या सर्वोत्तम दिवशीदेखील स्थूलच होती. अशा तक्त्यासमोर बसून धीर कुठून गोळा करायचा, हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते. म्हणून विनंती अशी की रुग्णाच्या कागदावर नीचांकापासूनची वाढ लिहिली जाते त्याच ओळीत मूळ वजनापासूनची घट लिहिली जावी, आणि तिच्याशेजारी मधुमेहाच्या किती गोळ्या सुटल्या, झोपेत श्वास अडकणे थांबले की नाही, जिना चढताना दम लागतो की नाही, हेही नोंदले जावे.

तिसरी तक्रार दोष देण्याविषयी आहे आणि ती सर्वात जुनी आहे. वजन परत वाढलेल्या माणसाला घरी 'ये रे माझ्या मागल्या' ऐकावे लागते; आत्या-मावश्या लग्नकार्यात 'पुन्हा भरलीस की गं' म्हणतात, आणि शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सासरी किंवा माहेरी कोणीतरी मनात धरलेला असतोच. दवाखान्यात निदान ही भाषा नसावी, पण तिथेही पहिला प्रश्न 'काय काय खाल्लंत?' असाच येतो आणि तो तपासणीपेक्षा उलटतपासणीसारखा ऐकू येतो. मधुमेह्याची साखर वाढली तर डॉक्टर औषधाची मात्रा बदलतात, रक्तदाब वाढला तर गोळी बदलतात. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या व्यवसायाने ती उलटली की मात्र रुग्णाच्या चारित्र्याचा शोध घ्यावा, हे त्या सांगण्याशी जुळत नाही.

शरीर काय करते हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नाही. १९९४ साली शोध लागलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवते आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवते. साठा घटला की ते घटते आणि मेंदू भूक वाढवून तो भरून काढू पाहतो. १९९९ साली जपानी संशोधकांना सापडलेले घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जात असल्याने पहिल्या वर्षात अनेकांना भूक जवळजवळ लागतच नाही. पुढे ती हळूहळू परत येते, नळी काळाबरोबर थोडी सैल होते, आणि उतरलेल्या वजनाचे शरीर बसल्या जागी पूर्वीपेक्षा कमी उष्मांक खर्चू लागते, ज्याला चयापचयाचे अनुकूलन म्हणतात. हे अनुकूलन किती चिवट असू शकते ते अमेरिकेतील एका वजन-घट स्पर्धेतील १४ जणांच्या २०१६ सालच्या अभ्यासातून दिसले: स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्चत होते. त्यांचे वजन आहार व व्यायामाने उतरले होते आणि शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांची साथ अधिक मिळते, हा फरक खराच. तरी भूक परतणे हा शरीराचा ठरलेला टप्पा आहे, आणि तो येणार हे ज्याला आधी सांगितलेले नाही तो रुग्ण दीड वर्षानंतर पहिल्यांदा पोटात कावळे ओरडले की आपली शस्त्रक्रिया 'उसवली' असे समजून रात्रभर जागतो. भुकेच्या या परतण्याची पूर्वसूचना संमतिपत्रावर सही घेण्याआधी, घरातील एका माणसाच्या उपस्थितीत आणि मराठीतून दिली जावी.

भीती स्वतः काय करते याकडे आपल्या कागदपत्रांत रकाना नाही, आणि म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. एका प्रकारचा रुग्ण दिवसातून तीन-चारदा काट्यावर उभा राहतो, पाण्याच्या घोटाने वा मीठ अधिक झालेल्या जेवणाने हललेल्या अर्ध्या किलोवर त्याचा संपूर्ण दिवस ठरतो, आणि तो अर्धा किलो उतरवण्यासाठी तो रात्रीचे जेवण टाळतो. दुसरा प्रकार काटाच पलंगाखाली ढकलतो. जुने मोठे कपडे कोणी टाकून देत नाही. ते माळ्यावर बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याचे अस्तित्व घरातल्या सर्वांना ठाऊक असते. बाहेर जेवायचे आमंत्रण, हळदीकुंकू, समूहछायाचित्र हे सगळे टाळले जाते, आणि एकटे पडलेल्या माणसाचे खाणे अधिक बिघडते हे आपले आहारतज्ज्ञ अनुभवाने जाणतातच. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला तरुण स्त्रियांना दिला जातो. तो काळ संपल्यावर मूल हवे असतानाही ज्या स्त्रीला गरोदरपणातील स्वाभाविक वजनवाढ पराभवासारखी वाटते, तिच्या मनातले हे कोणी विचारत नाही. थायरॉईडचा विकार, रजोनिवृत्ती, स्टिरॉइड किंवा नैराश्यावरील काही औषधे यांनीही वजन वाढते, आणि ही कारणे शोधता येतात. पण शोधण्यासाठी रुग्ण समोर यावा लागतो, आणि भीती त्याला नेमके तेच करू देत नाही. न येणाऱ्यांची नोंद नसते, त्यामुळे येणाऱ्यांच्या आकड्यांवरून काढलेला यशाचा दर वास्तवाहून गोजिरा दिसतो, आणि तो दर पाहून पुढचा रुग्ण अधिकच मोठ्या अपेक्षेने टेबलावर चढतो.

आहाराच्या तक्त्याविषयीही एक विनंती आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हा नियम छापलेला असतो, पण नौपाड्यातल्या शाकाहारी घरात तो कसा पाळायचा हे छापलेले नसते. शंभर-दीडशे मिलिलिटरच्या नळीत एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते, आणि वाटीभर घट्ट वरणातून साधारण पाच ते सात ग्रॅम प्रथिने मिळतात. हे गणित पनीर, दही, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, आणि चालत असेल तिथे अंडे, यांच्याशिवाय सुटत नाही. उलट भाकरी, पोळी किंवा मांसाचा तुकडा जिथे अडकतो तिथून चहात बुडवलेली खारी, शेव, आइस्क्रीम, श्रीखंड आणि आमरस सहज उतरतात, पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत, आणि वजन परत येण्याची वाट बहुतेक वेळा याच मऊ पदार्थांवरून जाते. गोखले रोडवरून स्टेशनपर्यंत चालणाऱ्या माणसाला रोज किती फरसाणाची दुकाने ओलांडावी लागतात हे ठाऊक असलेल्या आहारतज्ज्ञाने तक्त्यात क्विनोआच्या जागी या रोजच्या पदार्थांविषयी लिहावे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहे, आणि घाबरलेला रुग्ण कोणालाही न विचारता ती सुरू करतो. अरुंद नळीत दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रथिने बसत नाहीत, हे त्याला आपणच सांगायला हवे. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचे असते, हेही वजनाच्या चर्चेत मागे पडते, आणि जो भीतीने दवाखाना सोडतो तो या गोळ्याही सोडतो.

मनाच्या उपचाराला आपल्या व्यवस्थेत शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका भेटीपुरती जागा आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांचे प्रमाण आधीपेक्षा वाढल्याचे दिसले. एकूण संख्या लहान होती, परंतु बहुतेक घटना दुसऱ्या व तिसऱ्या वर्षातील होत्या, म्हणजे जेव्हा आपल्या भेटी विरळ होतात त्या वर्षांतील. ठाण्याला या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच ठाणेकरांची 'आयपीएच', याच शहरात वाढली. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने स्वमदत गटाचे बळ महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. स्थूलता हे व्यसन नव्हे आणि तशी तुलना अन्यायाची ठरेल. पण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात घसरलेल्या माणसाला परत येण्यासाठी दार उघडे असते आणि घसरण हा आजाराचाच भाग मानला जातो, एवढे तरी शिकण्यासारखे आहे. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने चढते आणि काहींना त्याचा विळखा बसतो, हे लक्षात घेता या दोन क्षेत्रांचा परिचय तसाही व्हायला हवा. वजन परत आलेल्यांसाठी महिन्यातून एकदा बसणारा, ज्यात काटा नाही असा एक गट नौपाड्यात, एक कल्याणला आणि एक डोंबिवलीला सुरू करणे आपणा सर्वांना मिळून अवघड नाही.

विम्याचा प्रश्न आपल्या हातात पूर्णपणे नाही, म्हणून तो थोडक्यात. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या नियमांमुळे ४० किंवा अधिक निर्देशांकाला, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५ किंवा अधिक निर्देशांकाला, शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. परंतु रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च विमा सहसा दोन-तीन महिनेच देतो, आणि वजन परत येण्याचे प्रश्न दोन-तीन वर्षांनी सुरू होतात. दुसरा प्रश्न वजन उतरवणाऱ्या औषधांचा. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आल्यापासून घाबरलेला रुग्ण औषधाच्या दुकानात जाऊन इंजेक्शनची चौकशी करू लागला आहे. शस्त्रक्रियेनंतर अशा औषधांचा उपयोग होतो याचे पुरावे आहेत, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचेही पुरावे आहेत. हे दोन्ही त्याला काउंटरवर कळण्याऐवजी आपल्या खोलीत कळावे.

२०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही, याने महाराष्ट्रातील अनेकांची शस्त्रक्रियेविषयीची लाज कमी झाली असावी. वजन परत येण्याविषयीची लाज कमी करणारे असे कोणी अजून पुढे आलेले नाही, आणि ते काम रुग्णावर सोपवणे बरोबर नाही. आपल्या प्रतीक्षागृहात पाच आणि दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांची, काही किलो परत आलेली, तरीही मधुमेहाची गोळी सुटलेली, आजच्या तारखेची छायाचित्रे त्यांच्या संमतीने लागली, तर पहिल्या भेटीला आलेल्या माणसाला आपले पुढचे आयुष्य प्रथमच खरे दिसेल.

ते होईपर्यंत एक काम या महिन्यातच करता येण्याजोगे आहे. आपल्या नोंदवहीत ज्यांच्या नावापुढे गेल्या दोन वर्षांत भेटीची तारीख पडलेली नाही, अशा प्रत्येकाला दवाखान्यातून एक फोन जावा, तो शक्यतो त्यांच्या ओळखीच्या परिचारिकेने करावा, आणि त्या फोनवर वजनाचा प्रश्न विचारला जाऊ नये.



नौपाडा, ठाणे येथील एक नागरिक